नळाचं तोंड

सकाळी सव्वानऊला त्यानं उबेच्या कपाटाचं दार उघडलं आणि पूर्वेच्या टाकीच्या दोन नळ्यांपैकी एक पिवळी पडलेली त्याला दिसली. बाकीच्या सगळ्या रांगा जांभळ्या होत्या, आज्ञाधारक, कंटाळवाण्या. ही एकच पिवळी. प्रत्येक काचनळीच्या आत एक बोटभर लहान नळी उलटी ठेवलेली असते. या पिवळ्या नळीतल्या उलट्या नळीच्या टोकाशी एक बुडबुडा येऊन बसला होता. टाचणीच्या डोक्याहून थोडासा मोठा. जांभळ्याचं पिवळं झालं आणि वर बुडबुडा धरला, की पाण्यात कदाचित मैल्याचे जंतू आहेत. कदाचित. सव्वीस वर्षं तो शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होता, आणि त्या सव्वीस वर्षांचा कोणी अर्क काढला असता, तर तळाशी हा एकच शब्द उरला असता. त्यानं दार लावलं. पुन्हा उघडलं. बुडबुडा होताच, आणि तो आपल्याकडेच बघतोय असं वाटून त्याला बुडबुड्याचा राग आला. मग हसूही आलं नाही, कारण हसायला निदान एक तरी माणूस समोर लागतो, आणि या इमारतीत ज्याच्यासमोर हसावं असा माणूस त्याला कधी मिळाला नव्हता.

दोन्ही नळ्या पिवळ्या असत्या तर प्रश्नच नव्हता. टाकी बंद करायची, साहेबांना कळवायचं, घरी जायचं. दोन्ही जांभळ्या असत्या तर त्याहून सोपं. पण एका नळाच्या दोन बाटल्यांतली एक खराब आणि एक चांगली निघाली, की गोष्ट पाण्यापाशी राहत नाही, माणसापाशी येते. नळाच्या तोंडाला दिवसभर काय काय लागतं. लोकांचे हात, पोरांची तोंडं, कावळ्याची चोच. म्हणून बाटली धरण्याआधी ते तोंड ज्योतीखाली पूर्ण एक मिनिट तापवायचं, मग पाणी वाहू द्यायचं, मग नमुना. ज्योत चुकवली, तर तोंडाची घाण पहिल्या बाटलीत उतरते आणि दुसरी स्वच्छ निघते. अशा एकपिवळ्या नमुन्यांची त्यानं स्वतःपुरती एक वही ठेवली होती. सव्वीस वर्षांत एकशे आठ. त्यांतले नऊ खरे निघाले, बाकीचे नळाच्या तोंडाचे. म्हणजे बारात एक. हा आकडा त्यानं कोणालाच सांगितला नव्हता. इथल्या लोकांना आकडा सांगणं म्हणजे त्यांच्या हातात दगड देणं. आधीच त्याला सगळे शंकासुर म्हणत. तोंडावर नाही, पण तोंड फिरवल्यावर लगेच, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं.

नमुने आणणाऱ्या माणसालाही नाव होतं, मशालजी. तो गेली तीस वर्षं खांद्याला पेटी अडकवून, पेटीत बर्फ, बाटल्या आणि गॅसची छोटी ज्योत घेऊन शहरभर हिंडत होता. मशालजी हे नाव त्याला कौतुकानं पडलेलं नव्हतं. ते पडलं त्याला कारण आपणच, हे शंकासुराला ठाऊक होतं, आणि मशालजीला ते ठाऊक आहे हेही ठाऊक होतं. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत. कामापुरतं बोलणं किती जहरी असू शकतं, हे ज्यांनी अकरा वर्षं केलंय त्यांनाच कळेल.

"काल पूर्वेच्या टाकीचा नळ तापवला होता?" त्यानं विचारलं.

मशालजी बाटल्या पुसत होता. त्यानं मान वर केली नाही. "तापवला होता."

"पूर्ण मिनिट?"

"घड्याळ लावून बसलो नव्हतो साहेब. पण तापवला होता."

"नक्की?"

"लिहून देऊ? तुम्हाला लिहिलेलं आवडतं."

हे बोलताना त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ओल्या फडक्यासारखा चेहरा. पिळला तर काय निघेल सांगता येत नाही. शंकासुर खिडकीपाशी गेला. समोरच्या इमारतीची मागची भिंत, पाइपांचं जाळं, एका गॅलरीत वाळत घातलेले कुणाचे तरी पायमोजे. तो विचार करायला खिडकीपाशी येत असे आणि विचार सोडून बाकी सगळं करत असे. हा माणूस खोटं बोलतोय का? खोटं बोलत असेल तर कशासाठी? स्वतःला वाचवायला, की मला बुडवायला? तापवलं नसताना तापवलं म्हणाला, तर मी पाण्यावर संशय घेणार, टाकी बंद करणार, उद्या पाणी चांगलं निघणार आणि मी पुन्हा एकदा तोंडावर आपटणार. अकरा वर्षं थांबलेल्या माणसाला यापेक्षा चांगली संधी कुठून मिळणार? आणि खरं बोलत असेल, तर? तर तो खरं बोलतोय म्हणूनच मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही, हेही त्याला माहीत असेल. असा विचार तो करत गेला, एका आरशासमोर दुसरा आरसा धरावा तसा, आणि प्रत्येक आरशात त्याला मशालजीचा तोच ओल्या फडक्यासारखा चेहरा दिसत गेला.

अकरा वर्षांपूर्वीही एकच नळी पिवळी होती. तेव्हा त्यानं फार विचार केला नव्हता. अर्ध्या शहराचं पाणी दोन दिवस बंद केलं होतं. लोक टँकरच्या मागे धावले, शिव्या देऊ लागले, वर्तमानपत्रांत व्यंगचित्रं आली. दुसऱ्या दिवशी पाणी स्वच्छ निघालं. मोठ्या साहेबांनी अहवालातल्या 'कारण' या रकान्यावर बोट ठेवून सांगितलं होतं, हे रिकामं ठेवू नका, वर पाठवायचंय. त्यानं लिहिलं, नमुना घेणाऱ्यानं नळाचं तोंड तापवलं नाही. तेव्हा त्यानं मशालजीला विचारलंसुद्धा नव्हतं. विचारायची गरजच वाटली नाही. बारातल्या अकरा वेळा तेच असतं. त्या दिवसापासून लोक त्याला मशालजी म्हणू लागले, आणि त्याची बढती अडकली ती अडकलीच. पण त्याला खरं छळायचं ते हे नव्हे. त्या दोन दिवसांत तिसऱ्या मजल्यावर बादल्या वाहून नेताना एक म्हातारा जिन्यात बसला आणि उठला नाही. हे कुठल्याच अहवालात आलं नाही. पंधरवड्यानं त्याची बायको प्रयोगशाळेत आली. नीट इस्त्री केलेलं पातळ, हातात छत्री. त्यानं तिला स्टूल दिलं. ती बसली, सगळ्या नळ्या, बाटल्या, कपाटं शांतपणे पाहिली, आणि म्हणाली, "पाणी चांगलं होतं म्हणे." तो म्हणाला, "हो." ती उठली आणि गेली. तिनं आरडाओरडा केला असता तर तो तिला केव्हाच विसरला असता. माणसं किती दुष्ट असतात, त्यानं मनात म्हटलं. आणि लगेच त्याला स्वतःचीच किळस आली.

अकराला त्यानं मशालजीला बरोबर घेतलं आणि पूर्वेच्या टाकीवर गेला. दुसरा नमुना त्याला स्वतः घ्यायचा होता. त्याचा निकाल उद्या दुपारीच कळणार होता, पण आज काहीतरी करत राहणं भाग होतं. टाकी टेकाडावर, खाली हिरवट रंगाचं लोखंडी दार, शेजारी तपासणीचा नळ. त्यानं ज्योत पेटवली आणि नळाच्या तोंडाखाली धरली. एक मिनिट झालं, दोन झाली. पितळ काळं पडायला लागलं. मशालजी हाताची घडी घालून उभा होता.

"साहेब, नळ वितळेल."

"वितळू दे."

"नवा नळ मिळायला तीन महिने लागतात. अर्ज मलाच करावा लागेल."

त्यानं तिसरं मिनिटही पूर्ण केलं आणि बाटली धरताना अंगठा भाजून घेतला. मशालजीनं पेटीतला बर्फाचा तुकडा काढून त्याच्या हातावर ठेवला. ही माणुसकी होती की टोमणा, हे ठरवण्यात परतीचा सगळा रस्ता गेला. खाली पसरलेल्या वस्तीत पाच-पाच मजली घरं होती, प्रत्येक गच्चीवर टाक्या. चाळीस हजार माणसं. दिवसातून एकदा, चारला, त्यांना पाणी सुटायचं. कालचं पाणी तर ती पिऊनही मोकळी झाली होती. हाच तर या धंद्यातला विनोद, की निकाल येतो तेव्हा पाणी पोटात असतं.

मोठे साहेब त्याची वाटच पाहत होते. ते नेहमी खुर्चीत मागे रेलून टेबलावरचा काचेचा गोळा हातात फिरवत बोलत, त्यामुळे आपलं भविष्य त्यांना त्यात दिसतंय असा भास व्हायचा.

"किती टक्के?" त्यांनी विचारलं.

"काय किती टक्के?"

"खात्री हो! दोनातली एक खराब, म्हणजे पन्नास टक्के ना?"

"तसं नसतं ते."

"मग कसं असतं? तुम्ही शिकलेली माणसं सरळ सांगत का नाही? ज्योतिषीसुद्धा तुमच्यापेक्षा बरे, काहीतरी ठोकून देतात."

बारात एक, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण साहेब काय म्हणणार हे त्याला आधीच ऐकू आलं. मग बारातल्या अकरा वेळा सगळं ठीकच असतं की, सोडा पाणी. म्हणून त्यानं विचारलं, "क्लोरीन वाढवून उद्या सोडलं तर? नाहीतर निदान उकळून प्या म्हणून सांगू लोकांना."

"उकळून प्या म्हणजे खराब आहे म्हणून दवंडी पिटल्यासारखंच की. त्यापेक्षा बंद केलेलं परवडलं." साहेबांनी गोळा टेबलावर ठेवला. "हे बघा, बंद करायची चिठ्ठी तुमच्या सहीची. मी मध्ये येत नाही. साडेतीनपर्यंत चिठ्ठी आली, तर झडप बंद. नाही आली, तर चारला पाणी. मागच्या वेळी काय झालं ते तुम्हाला मी आठवण करून द्यायला नको."

"आणि पाणी खराब निघालं तर?"

"तर तुम्ही चिठ्ठी दिली नव्हती," साहेब म्हणाले, आणि असे हसले की जणू दोघं जुने मित्र आहेत.

दीड वाजता त्यानं डबा उघडला आणि तसाच बंद केला. भाजलेला अंगठा ठणकत होता. बारा पेले मांडलेत, एकात विष आहे, पिशील का? तहान किती आहे त्यावर. आणि दुसऱ्याला पाजशील का? हा प्रश्न वेगळाच. त्याला आईची आठवण झाली, म्हणजे खरं तर दवाखान्यातल्या त्या लांब बाकाची. एक डॉक्टर म्हणाला होता, ऑपरेशन करा, दहातली चार जगतात. दुसरा म्हणाला, या वयात हात लावू नका. दोघंही हुशार होते, दोघांच्याही भिंतींवर पदव्या होत्या. त्यानं तिसऱ्याला विचारायचं ठरवलं. तिसरा बाहेरगावी होता, सोमवारी येणार होता. आई रविवारी गेली. थोरली बहीण, ताई, त्या बाकावर त्याच्या शेजारी बसली होती. ती रडली नाही. पर्स बंद करत ती म्हणाली, "तू बस सोमवारची वाट बघत." त्यानंतर तिच्या घरी तो लग्नाकार्यापुरता गेला. तिथं तिच्या सासरची माणसं त्याच्याकडे नेहमी अशी बघायची, जणू हा दाराची बेल वाजवायची की नाही या विचारात खालीच तासभर उभा होता असं ताईनं त्यांना सांगितलंय.

ताईचं घर पूर्वेच्या टाकीखाली होतं. हे त्याला सकाळपासून माहीत होतं, पण तिथवर विचार जाऊ द्यायचा नाही अशी त्यानं मनाला तंबी दिली होती. तिच्याकडे सध्या तिची नात होती, आठ महिन्यांची, बाटलीचं दूध पिणारी. सव्वादोनला त्यानं फोन लावला. नंबर फिरवताना आपण काय करतोय हे त्याला नीटसं कळलंसुद्धा नाही.

"कोण?"

"मी."

"मी कोण?" तिनं आवाज ओळखला होता. ओळखलेल्या माणसालाच ती असं विचारते.

"ताई, आज संध्याकाळचं पाणी उकळून घे. बाळाच्या दुधाला तर नक्कीच."

"का? काय झालंय?"

"काही नाही. असंच."

"तू असंच कधी शिंकतसुद्धा नाहीस. काय आहे पाण्यात?"

"काही असेलच असं नाही. एक शंका आहे."

मागे कुठेतरी बाळ एकसुरी ओरडत होतं, खेळण्यावर रागावल्यासारखं. मग ताई म्हणाली, "सगळ्यांना सांगतोयस, की आम्हालाच?"

त्यानं फोनची वायर बोटाला गुंडाळली.

"समोरच्या घरातही तान्हं मूल आहे. त्याच्या आईला मी सांगू, की त्याला फोन करणारा मामा वेगळा?"

"ताई, अजून ठरायचंय."

"तुझं ठरलंय. नाहीतर तू मला फोन केलाच नसतास. एवढं कळत नाही, मग इतकी वर्षं कशाला शिकलास रे?" आणि तिनं फोन ठेवला.

तो रिसीव्हर हातात धरून उभा राहिला. त्याला संताप आला, आधी तिचा, मग स्वतःचा, मग त्या न पाहिलेल्या समोरच्या घरातल्या तान्ह्या मुलाचासुद्धा. ताई बरोबर होती आणि तिचं बरोबर असणं त्याला कधीच सहन झालं नव्हतं. आपण सकाळपासून नळ्या, टक्के, मशालजीचा चेहरा, हे सगळं तोलत बसलो, आणि हाताला आधीच माहीत होतं. हातानं नंबर फिरवला. बाराव्या पेल्यातलं पाणी त्या बाळाला द्यायला आपण तयार नव्हतो; बाकी चाळीस हजारांना द्यायला मात्र साडेतीनपर्यंतचा वेळ घेत होतो. त्यानं चिठ्ठी लिहिली. सही करताना आपण शहराची काळजी म्हणून सही करतोय असं त्याला एकदाही वाटलं नाही. ताईला पुन्हा कधी असं बोलता येऊ नये, एवढंच कारण होतं. आणि कारण इतकं हलकं असूनही सही नेहमीसारखीच वजनदार उमटली. तीन वाजून दहा मिनिटांनी मशालजी चिठ्ठी घेऊन गेला. त्यानं ती वाचली, घडी केली, खिशात ठेवली, आणि एवढंच म्हणाला, "बरं."

पाणी सुटलं नाही. पाचपासून फोन सुरू झाले. एका बाईनं त्याला विचारलं की तुम्ही अंघोळ करून बसलात का. एका माणसानं काहीच विचारलं नाही, फक्त मोजूनमापून शिव्या दिल्या, आणि शेवटी सभ्यपणे "ठेवतो" म्हणाला. शंकासुर प्रत्येकाला तेच वाक्य सांगत राहिला, तपासणी चालू आहे. जिने, बादल्या, म्हातारी माणसं, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे येत होतं, आणि तो ते दार लोटून लावावं तसं लोटत होता.

दुसऱ्या दिवशी तो सकाळी आठलाच आला. निकाल बाराच्या आधी पाहण्यात अर्थ नव्हता. त्यानं नऊला पाहिलं, दहाला पाहिलं. कपाटाच्या काचेतून नळ्या जांभळ्या दिसत होत्या, पण दोन नळ्यांच्या तळाशी थोडा पिवळसरपणा आहे असं त्याला वाटलं. तो वाकला. डोळे बारीक केले. होता. नव्हता. आणि त्या क्षणी, वाकलेल्या कमरेनं, काचेला नाक लावून, आपण काय मागतोय हे त्याला समजलं. तो बुडबुडा मागत होता. जंतू असू दे, असं मनातल्या मनात म्हणत होता. नळांत, गच्चीवरच्या टाक्यांत, बाळाच्या दुधात असू दे, परवाच्या पाण्यात, जे पिऊन झालंय त्यातही असू दे. एक-दोघं आजारी पडू देत, फार नाही, पण पडू देत. म्हणजे त्या इस्त्रीच्या पातळातल्या बाईनं पुन्हा येऊन स्टुलावर बसायला नको. तो सरळ झाला तेव्हा मशालजी दारात उभा होता. कधी आला होता कोण जाणे.

बाराला दार उघडलं. नळ्या जांभळ्या होत्या, अगदी बारीकसाही बुडबुडा कुठे नव्हता. मशालजीनं एक-एक नळी उजेडात धरून पाहिली, सोनाराकडे गेलेल्या माणसानं पाहावं तशी, आणि परत ठेवली.

"काही नाही," तो म्हणाला.

"हं."

"तुम्हाला वाईट वाटलं."

शंकासुरानं त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही तापवला नव्हता," तो म्हणाला. प्रश्न नव्हता तो.

मशालजीनं पेटी खांद्यावरून उतरवली आणि टेबलावर ठेवली. "खरं सांगू? आठवत नाही. दिवसाला चाळीस नळ तापवतो मी. तीस वर्षं. तो तापवला की नाही, मला काय माहीत? तुम्ही विचारलंत म्हणून हो म्हणालो. आठवत नाही म्हणालो असतो, तर तुम्ही नाही असं लिहिलं असतंत. मागच्या वेळेला तर विचारलंसुद्धा नव्हतं."

म्हणजे इतकंच होतं. डाव नव्हता, सूड नव्हता, आरशांमागे कोणी नव्हतं. काल सकाळभर ज्या माणसाच्या मनात तो शिरायचा प्रयत्न करत होता, त्या मनात फक्त चाळीस नळ होते आणि एक जुनी भीती होती. आणि ती भीती तिथं ठेवली होती कोणी, हे सांगायला तिसऱ्याची गरज नव्हती. आतला फोन वाजला. मोठे साहेब म्हणाले, अहवाल अर्ध्या तासात वर हवा, आणि कारणाचा रकाना रिकामा ठेवू नका. त्यानं कागद ओढला. टाकीचं नाव, वेळ, नळ्यांची संख्या भरली. मशालजी गेला नाही. टेबलापाशी उभा राहून तो उलटी अक्षरं वाचत होता.

"लिहा ना," तो म्हणाला. "माझ्या निवृत्तीला आता दीड वर्ष राहिलंय. काय अडवतील?"

लिहिणं सोपं होतं. ते खरं असण्याचीच शक्यता जास्त होती, बारात अकरा. तसं लिहिलं की साहेब खूश, वर्तमानपत्रं खूश, चाळीस हजार माणसांना शिव्या द्यायला एक माणूस मिळणार, आणि तो माणूस आपण नसणार. पेन कागदावर टेकून त्याच जागी शाईचा ठिपका वाढत गेला. मग त्यानं लिहिलं, "माहीत नाही." सव्वीस वर्षांत त्या रकान्यात हे शब्द कधीच गेले नव्हते. ते इतके नागडे दिसले की त्याला वर काहीतरी झाकावंसं वाटलं. खाली सही केली.

मशालजीनं कागद आपल्याकडे फिरवून घेतला आणि सरळ करून वाचला. शंकासुराला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. आभार नाही, पण निदान काहीतरी. अकरा वर्षांनी निदान तेवढं.

"हे काय केलंत?" मशालजी म्हणाला. त्याच्या आवाजात प्रथमच खरा राग होता. "यापेक्षा माझं नाव लिहिलं असतंत तर बरं. कोणाची तरी चूक होती म्हटलं असतं, तर लोक आज पाणी प्याले असते. आता कोण पिणार? माझी बायको तरी पिईल?"

त्यानं पेटी उचलली, खांद्याला लावली आणि आजचे नळ करायला निघून गेला. दार त्यानं लावलं नाही. शंकासुर उघड्या दाराकडे बघत बसला. सव्वीस वर्षं आपण जे काम करतोय, ते या माणसाला आपल्यापेक्षा जास्त कळतं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आणि त्या माणसाचा त्याला इतका तिटकारा आला, की भाजलेला अंगठा त्यानं टेबलाच्या कडेवर जोरात दाबून धरला.